कामगंधाचा सापळा आणि गळ्यातील माळ

आमच्या वाचकांत बागाईतदार पुष्कळ आहेत. सांगोला, मंगळवेढे, पंढरपूर या टापूत तर हातात टाळ आणि रानात डाळिंब अशी घरे गावोगाव सापडतील. अशाच एका माळकऱ्याने मध्यंतरी आम्हांस गाठून एक प्रश्न घातला. "महाराज, बागंत पतंगाचं सापळं टांगा म्हणत्यात. कुठं मादीचा वास, कुठं दिवा, कुठं गुळाचं पाणी. पतंग भुलून येतो आन् मरतो. फवाऱ्यानं बी किडं मरत्यात, ते ठावं हाय. पण ह्ये फसवून मारल्यावानी वाटतंया. गळ्यात माळ हाय, म्हणून इचारतो." आम्ही काही महाराज नव्हे. पण प्रश्न इतका सरळ काळजातून आला की 'बघू, सांगू' म्हणून त्याला वाटेला लावणे आम्हांस बरे वाटले नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा प्रश्नाला दोन उत्तरे नेहमीच तयार असतात. एक सज्जन म्हणतात, जीव तो जीव, मुंगी काय नि पतंग काय. माळ घातली की सापळ्याला हात लावू नये. दुसरे म्हणतात, अहो, किड्यामुंग्यांचे पापपुण्य मोजत बसलात तर शेती करता कशाला? आमच्या मते दोघेही प्रश्नाला बगल देतात. पहिले सज्जन बाजारातून डाळिंब आणून एकादशीला फोडतात. ते डाळिंब कोणाच्या तरी हाताने, कसले तरी औषध मारून राखलेले असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. हिंसा शेतकऱ्याच्या गळ्यात आणि फराळ आपल्या ताटात, अशी ही वाटणी झाली! दुसऱ्यांचे बोलणे व्यवहाराचे दिसते खरे. पण ज्याच्या मनात प्रश्न उठलेलाच नाही त्याचे ते उत्तर आहे. ज्याच्या मनात उठला त्याच्या ते उपयोगाचे नाही.

आपल्या संप्रदायात मळा करणारे होऊन गेले ते सावतोबा. माढे तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५, हा त्यांचा समाधिकाल. त्यांनी मळाही सोडला नाही आणि विठ्ठलही सोडला नाही. आता मळा म्हटला की खुरपे आले, मोट आली, पाने खाणारी अळीही आली. खुरप्याखाली कधी गांडूळ तुटले नाही असा मळा आम्ही तरी पाहिलेला नाही. तेव्हा 'जीव मरतो म्हणून बागच नको' हे म्हणणे संप्रदायाचे नव्हे. मात्र सावतोबांचे नाव पुढे करून झाडावर वाटेल ते विष ओतावे, हेही संप्रदायाचे नव्हे. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तेथेच आमच्या शेतकऱ्याचा प्रश्न उभा आहे.

प्रथम सापळा म्हणजे काय ते नीट पाहू. वस्तू न पाहता केलेला निवाडा बहुधा चुकतो.

मादीच्या वासाचा जो सापळा, त्याला शेतीच्या भाषेत 'कामगंध सापळा' म्हणतात. कपाशीवाल्याला आणि हरभरेवाल्याला तो ओळखीचा आहे. फळबागेत तो पुष्कळांना नवा वाटतो. नाव मोठे नेमके पडले आहे. पतंगाची मादी रात्री एके जागी बसते आणि अंगातून अतिसूक्ष्म गंध सोडते. आपल्या नाकाला तो कळतही नाही. त्याच जातीचा नर मात्र वाऱ्यावर तो धरून दुरून तिच्यापाशी येतो.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस झां आंरी फाब्र (१८२३ ते १९१५) नावाचा एक गरीब शिक्षक होऊन गेला. किड्यांकडे बघण्यातच त्याने जन्म घालविला. एके दिवशी त्याच्या घरी एका मोठ्या जातीच्या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्याने ती जाळीखाली झाकून ठेवली. रात्री पाहतो तो चाळीसएक नर घरात शिरून घिरट्या घालीत आहेत! पुढे त्याने खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास केला, तरी नर चुकले नाहीत. मादीला हवाबंद डबीत ठेवले तेव्हा मात्र एकही आला नाही. दुसऱ्या एका जातीवर त्याने आणखी मौज पाहिली. मादी काचेखाली, डोळ्यांना स्वच्छ दिसेल अशी ठेवली. आणि जेथे ती रात्रभर बसली होती ती वस्तू खोलीत दुसरीकडे ठेवली. नर काचेवरून तसेच पुढे गेले आणि त्या रिकाम्या जागेभोवती जमले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा गंध वेगळा काढण्याचे काम फार जिकिरीचे ठरले. रेशमाच्या पतंगाचा गंध जर्मनीतील बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली ओळखला. त्यापायी सुमारे वीस वर्षे आणि सुमारे पाच लाख माद्या खर्ची पडल्या. हाती आले ते काही मिलिग्रॅम. पाच लाख! हा आकडा वाचून आम्ही जरा थांबलो. आज सापळ्याच्या तळाला दहा-पाच पतंग चिकटलेले दिसतात आणि आपले मन कचरते. पण त्या दहा-पाचांच्या मागे हा ढीग आहे. ज्ञानालाही मोल पडते आणि ते बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी भरावे लागते.

फळबागेत या सापळ्याची विद्या पुरेपूर पाहावयाची तर सफरचंदाच्या बागेत जावे लागते. तेथे कॉडलिंग मॉथ नावाचा एक राखी रंगाचा पतंग आहे, असेल बोटाच्या नखाएवढा. जगातील बहुतेक सफरचंदाच्या मुलखांत तो पोचला आहे. आपल्या देशात लडाखच्या बागांत आहे. मादी फळावर नाहीतर जवळच्या पानावर अंडे घालते. अळी बाहेर पडली की फळ पोखरीत थेट बियांपर्यंत जाते. एकदा ती आत शिरली की वरून काहीही शिंपा, तिला लागत नाही. म्हणजे बागवानाच्या हातात जो वेळ आहे तो अंडे फुटण्यापासून अळी आत शिरेपर्यंतचा, अगदी थोडा. हा थोडा वेळ ओळखावयाचा कसा?

सापळा नव्हता तेव्हा तो ओळखता येत नसे, म्हणून सगळाच वेळ विषाखाली ठेवीत. अमेरिकेतील बागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिसे आणि सोमल यांचे मिश्रण सफरचंदावर फवारीत, तेही एका हंगामात अनेक वेळा. त्या जुन्या बागांच्या मातीत ते शिसे आणि तो सोमल अजून निघतो. झाडे गेली, बागवान गेले, विष राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आले. त्याने पतंग मेला. पण पानांवरच्या कोळ्यांना खाऊन धाकात ठेवणारे मित्रकीटकही मेले आणि कोळी माजले. पुढे पतंगालाही ते औषध सोसू लागले.

१९७१ साली अमेरिकेतच रोएलॉफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सफरचंदाच्या पतंगाचा कामगंध ओळखला, आणि सापळा बागेत आला. वस्तू अगदी साधी. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची तिकोनी घडी, दोन्ही तोंडांनी उघडी. तळाला चिकट कागद. मध्ये रबराच्या लहानशा बुचात मुरविलेला गंध. झाडाच्या वरच्या भागात तो टांगतात, दर आठवड्यास चिकटलेले पतंग मोजतात, काही आठवड्यांनी बुच बदलतात.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो, आणि आमचा प्रश्नकर्ताही त्यातच सापडला होता. त्याला वाटले की सापळा हे मारण्याचे हत्यार आहे. तसे ते नाही. या वासावर येतात ते नुसते नर. अंडी घालणाऱ्या माद्या बाहेरच राहतात. आलेले नर थोडे, राहिलेले पुष्कळ, आणि एक नर एकाहून अधिक माद्यांस पुरतो. एकराला एक-दोन सापळे टांगून कीड संपवू म्हणणारा माणूस ओंजळीने विहीर उपसावयास बसला आहे. सापळा टांगावयाचा तो कळण्यासाठी.

काय कळते ते सांगतो. पतंग नियमाने येऊ लागले तो पहिला दिवस बागवान वहीत टिपून ठेवतो. या किड्याची वाढ १० अंश सेल्सिअसच्या खाली थांबते. म्हणून रोजच्या सरासरी तापमानातून १० वजा करावयाचे आणि उरलेले अंश रोज मिळवीत जावयाचे. ही बेरीज सुमारे १४० झाली की अंडी फुटू लागली असे समजावे. सरासरी २० अंश असेल तर रोजचे १०, म्हणजे चौदा दिवस झाले. थंडी पडली तर दिवस वाढतात. म्हणजे विष घ्यावयाचेच झाले तर कोणत्या दिवशी, हे ठरते. आणि घ्यावे की घेऊच नये, हेही ठरते. इंग्लंडातील बागवान दर सापळ्यास आठवड्याला पाच पतंग ही रेघ मानतात; त्याखाली संख्या असली तर हात आवरतात. आपल्याकडे कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन दिवस, दर सापळ्यास रोज आठ पतंग, अशी रेघ सांगतात.

आता आपल्या भागाकडे वळू. डाळिंब आणि मोसंबी यांचा रात्रीचा चोर निराळा आहे. त्याला रस शोषणारा पतंग म्हणतात. अंगाने चांगला मोठा. पुढचे पंख वाळल्या पानासारखे, मागचे नारिंगी-पिवळे, काळ्या डागांचे. इतर पतंगांची सोंड मऊ असते, याची सुईसारखी टणक. पिकत आलेल्या फळाची साल भोसकून तो रस पितो. भोक टाचणीएवढे असते, पण त्यातून बुरशी आत जाते, भोवती डाग पसरतो आणि फळ सडून गळते. गंमत अशी की येथे चोरी करतो तो मोठा पतंग. त्याची अळी फळाला तोंडही लावीत नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर वाढते. बांधावरच्या त्या वेली काढा, असे तज्ज्ञ सांगतात. गुळवेल उपटा म्हटले की वैद्य रागावतील, तो भाग वेगळा.

या पतंगाचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या उतरत्या काळात असतो, म्हणजे बरोबर चातुर्मासात. ज्या महिन्यांत आपण कांदा-लसूण सोडतो, जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून जपतो, त्याच महिन्यांत बागेवर ही धाड येते. माळकरी शेतकऱ्याची परीक्षा म्हणावी ती ही.

याच्यासाठी कामगंधाचा सापळा रूढ नाही. दिव्याच्या ओढीचाही तो फारसा नाही. त्याची मोजणी करावयाची तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेतून फिरावे. उजेड पडला की पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. झाडामागे किती दिसले ते लिहावे. याला सापळा लागत नाही, झोप मोडावी लागते. शिवाय फळांना कागदी पिशव्या बांधता येतात. बाग मोठी असेल तर हे काम अवघड, पण घरच्या माणसांना झेपेल एवढ्या बागेत होण्यासारखे आहे. जपानातील बागवानांनी तर एक निराळीच युक्ती काढली. ते बागेत रात्रभर पिवळे दिवे लावतात. त्या उजेडाने या पतंगाच्या डोळ्यांना दिवस झाल्यासारखे वाटते आणि तो उडणे, रस पिणे सोडून स्वस्थ बसतो. कोणी मरत नाही.

गुळाच्या पाण्यात किंवा फळांच्या रसात विष कालवून ठेवण्याचीही रीत आहे. आणि साध्या प्रकाशसापळ्याची तर सर्रास आहे. यांविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. प्रकाशसापळा हाका मारतो तो सगळ्यांनाच. सकाळी त्याच्याखालच्या भांड्यात पाहा: शेताचे वैरी मूठभर, आणि बाकीचे बिचारे वाटसरू, त्यांत शेतकऱ्याचे मित्रही आले. लावावयाचाच झाला तर तो सांजवेळी दोन-तीन तास लावून विझवावा, रात्रभर जळत ठेवू नये, असे जाणते सांगतात ते याचसाठी. कामगंधाचा सापळा तसा नाही. तो एकाच जातीला, जणू नाव घेऊन हाक मारतो. शेजारून शंभर जातींचे किडे जातात, त्यांना ती ऐकूच येत नाही.

आणि येथेच मूळ शंका पुन्हा उभी राहते. नाव घेऊन हाक मारली, ती कोणाच्या आवाजात? त्याच्या मादीच्या.

कीर्तनात आपण नेहमी ऐकतो की हरिण नादाने गेले, हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, मासा रसाने आणि भुंगा गंधाने. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत पतंगही आहे; दिव्यावर झेप घेऊन जळणारा. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर टीका केली आणि ती शके १४९५ मध्ये काशीस पुरी केली, हे वाचकांस ठाऊक आहेच. दृष्टान्त खोटा नाही. दिव्यावर जळणारा पतंग आपण सर्वांनी पाहिला आहे. पण कामगंधाच्या सापळ्याला हा दृष्टान्त जसाच्या तसा लावून कोणी म्हणू लागले की, 'पाहा, विषयाच्या लोभाने कसा मेला!' तर आम्ही त्यास हरकत घेऊ. फाब्रच्या त्या काचेखालच्या मादीची गोष्ट आठवावी. रूप डोळ्यांपुढे असून नर त्याला भुलले नाहीत. ते गंधाच्या मागे गेले, आणि तो गंध लाखो वर्षे खरे बोलत आला होता. जेथे गंध तेथे मादी, हा त्याच्या कुळाचा अनुभव. त्या अनुभवावर विश्वास ठेवून तो आला. खोटे बोललो ते आपण. त्याच्या अंगी मोह होता म्हणावे, तर सापळा टांगणाऱ्याच्या अंगी काय होते तेही म्हणावे लागेल. पतंगाला गुरू करावयाचे तर अवधूताप्रमाणे आपल्यासाठी करावे. त्याच्यावर दोष ठेवण्यासाठी करू नये.

म्हणून आमच्या शेतकऱ्याने जो शब्द वापरला, 'फसवून', तो आम्ही खोडून काढू इच्छीत नाही. फवारा फसवीत नाही, तो उघड मारतो. सापळा फसवितो. या वस्तूला हल्ली 'जैविक', 'पर्यावरणपूरक' अशी गोड नावे मिळाली आहेत. त्या नावांनी मनाचा काटा बोथट करून घेऊ नये. काटा राहू द्यावा. तो असलेलाच बरा.

मग टांगावा की नाही? आमच्या मते टांगावा. पण का, ते सांगितले पाहिजे. कोणी म्हणेल, सापळ्यात आठवड्याला पाच मेले, फवाऱ्यात हजारो मरतात, तेव्हा हिशेब सरळ आहे. नुसता हा हिशेब आम्हांस पुरत नाही. संख्या कमी असली की सगळे माफ, असे म्हणू लागलो तर माणूस कशाचेही समर्थन करील. फवाऱ्याखाली काय काय येते ते मात्र खरेच पाहिले पाहिजे. फुलोऱ्यावरची मधमाशी येते. भांगलणाऱ्या बाया येतात. पंप पाठीवर घेतलेला माणूस येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतले कित्येक कोणाच्या तरी रानात रोजावर गेलेले. 'आठ दिवस झाले, आता एक फवारणी घेऊन टाकू' असे आपण सहज म्हणतो. त्या 'घेऊन टाकू'मध्ये न पाहता मारणे आहे. किडा आहे की नाही हेही न पाहता! माळकऱ्याला जर काही वर्ज्य असेल तर पहिल्याने हे.

सापळ्याला जर काही अर्थ असेल तर तो या 'न पाहता'ला थांबवितो म्हणून. पण थांबवितो केव्हा? टांगणारा मोजील तेव्हा. आणि मोजून जे निघेल त्याच्याशी बांधलेला राहील तेव्हा. संख्या रेघेखाली आली आणि तरीही 'कशाला जोखीम घ्या' म्हणून पंप पाठीला लावला, तर ते पाच पतंग फुकट मेले. आपण त्यांना फसवून प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले नाही. फवारणी करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा आपण चांगले ठरलो नाही. त्याच्याहून पाच जीव अधिक मारले, एवढेच.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. शिवारातून जाताना पाहा. अनुदानात मिळाले म्हणून टांगलेले सापळे किती दिसतात! चिकट कागदावर धुरळा बसलेला, बुच वाळून गेलेले, कोठे चुकून चिकटलेली पाल. मालकाला विचारावे, 'किती निघाले?' तो म्हणतो, 'बघितलं न्हाई बा, मोप असतील.' ही निव्वळ हिंसा होय. हिच्यात शेतीही नाही. हंगाम संपला की सापळा उतरवून ठेवणे, चिकट कागद बदलणे, तारखेनिशी आकडा लिहिणे ही कामे क्षुल्लक वाटतात खरी. पण सापळा टांगण्याचा जो काही अधिकार आहे तो याच कामांत आहे.

आणि कागद बदलावयाचा तो मालकाने स्वतः बदलावा, गड्याकडून करवून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. आपल्या शब्दावर विश्वासून आलेल्या जिवाचे तोंड आपण पाहिलेले बरे.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण नुसत्या भावनेने बाग राहत नाही. सापळ्याचा आकडा नेहमीच खरे सांगतो असे नाही. सायंकाळ थंड असली की पतंग उडत नाहीत. वारा फार असला, बुच जुने झाले, सापळा पालवीत लपला, की आकडा खाली येतो आणि बागवान निर्धास्त होतो. म्हणून सापळ्याबरोबर फळेही पाहावीत. झाडाच्या चारी अंगांची चार-दोन फळे हातात घेऊन पाहावीत. उलट एखाद्या रात्री पतंग लोटले की घाबरून दुकान गाठणारेही आहेत, आणि दुकानदार काही 'आठवडाभर थांबा' म्हणणार नाही. त्याचे पोट त्याच्या बाटल्यांवर. एका रात्रीचा आकडा हा आकडा नव्हे. वही मागे उलटून पाहिली म्हणजे धीर येतो.

सफरचंदाच्या मुलखात आणखी एक रीत निघाली आहे तीही सांगून टाकतो. एकराला काही शे गंधाच्या नळ्या झाडोझाड बांधतात. सगळी बागच गंधाने भरून जाते, नराला मादीचा माग लागत नाही आणि अंडी फळास येत नाहीत. कोणी चिकटत नाही, कोणी तडफडत नाही. मारणे टळले, फसविणे टळले काय? आमच्या मते नाही, उलट वाढले. पण मारण्याखेरीजचे फसविणे आणि मारण्यासाठीचे फसविणे यांत आम्ही पहिल्याला झुकते माप देऊ. यावर कोणा विचारवंत वाचकांचे मत निराळे असल्यास त्यांनी अवश्य कळवावे. तेथेही चाल बरोबर चालली आहे की नाही ते पाहण्यासाठी पुन्हा एखादा सापळा टांगावाच लागतो, ही मौज आहेच.

राहिला प्रश्न वारीचा. आषाढीला आळंदीहून निघून पंढरीस पोचेपर्यंत तीन आठवडे तरी घराबाहेर जातात. त्या वेळी मृग बहाराचे डाळिंब फुलोऱ्यात असते. कार्तिकीच्या सुमारास तर फळ रसावर आलेले, आणि पतंगाचेही दिवस सरलेले नसतात. सापळा बांधला आहे आणि पालखीही निघाली आहे, अशा वेळी काय करावे? वारी सोडा असे आम्ही सांगणार नाही आणि कोणी आमचे ऐकणारही नाही. निघण्याआधी दोन आठवडे घरच्या माणसाला, मग ती कारभारीण असो की शाळेत जाणारे पोर, सापळ्यापाशी बरोबर न्यावे. कागद कसा उतरवावयाचा, आपला पतंग कोणता आणि चुकून आलेला कोणता, आकडा वहीत कोठे लिहावयाचा, हे हाताला धरून दाखवावे. आमचा अनुभव असा की पोरे हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. घरात मोजणारे कोणीच मागे राहत नसेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी चिकट कागद काढून ठेवावा, गंधाचे बुच घट्ट झाकणाच्या डबीत गार जागी ठेवावे आणि परतल्यावर पुन्हा लावावे. वहीत त्या मधल्या दिवसांची पाने कोरी राहतील. ती कोरीच ठेवावीत, अंदाजाने भरू नयेत.